एकच संग्रह आणि त्यामागचे आयुष्य : वेल्श कवी वाल्डो विल्यम्स

प्रश्न तीन आहेत. वाल्डो विल्यम्स या वेल्श कवीने प्रौढ वाचकांसाठी उभ्या आयुष्यात एकच कवितासंग्रह प्रसिद्ध केला, तरी विसाव्या शतकातल्या वेल्श कवितेचा विषय निघाला की त्याचे नाव पहिल्या काही नावांत का घेतले जाते? त्याने आयकर भरण्यास नकार देऊन तुरुंगवास पत्करला, त्याचा त्याच्या कवितेशी संबंध आहे, की ती चरित्रातली स्वतंत्र घटना आहे? आणि वेल्श न येणाऱ्या मराठी वाचकाने या कवीपर्यंत कसे पोहोचावे? वेल्श कविता वाचणे, शिकवणे आणि जमेल तशी मराठीत आणणे हे माझे बऱ्याच वर्षांचे काम आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. माझे मत आधीच सांगतो : पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर एकच आहे. वाल्डोच्या दृष्टीने कवितेत म्हटलेली गोष्ट ही पाळायची गोष्ट होती, आणि त्याची कविता मोजकी आहे ती मुख्यतः यामुळेच.

वाल्डोचा जन्म ३० सप्टेंबर १९०४ रोजी वेल्सच्या नैर्ऋत्य टोकाला, पेम्ब्रोकशर परगण्यातल्या हॅवरफर्डवेस्ट या गावी झाला. या परगण्याच्या मधून लॅन्स्कर नावाची एक रेषा जाते. नकाशावर ती काढलेली नसते, परंतु बाराव्या शतकात नॉर्मनांनी दक्षिण भागात इंग्रज आणि फ्लेमिश वसाहती वसवल्यापासून रेषेच्या दक्षिणेला इंग्रजी आणि उत्तरेला वेल्श अशी विभागणी शतकानुशतके टिकून राहिली. हॅवरफर्डवेस्ट दक्षिणेकडचे. वडील एडवल विल्यम्स हे शाळामास्तर आणि वेल्श बोलणारे. आई अँगहॅरॅड ही हेन्री जोन्स या तत्त्वज्ञाची पुतणी, पण इंग्लंडमध्ये वाढलेली. त्यामुळे घरातली भाषा इंग्रजी होती. १९११ साली वडिलांना प्रेसेली डोंगराच्या कुशीतल्या मनाख्लोग-दी या खेड्यातल्या शाळेचे मुख्याध्यापकपद मिळाले, कुटुंब रेषेच्या उत्तरेला आले, आणि सात वर्षांचा वाल्डो शाळेच्या अंगणातल्या मुलांकडून वेल्श शिकला. विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या वेल्श कवींपैकी एकाला ही भाषा आईकडून मिळाली नाही. ती त्याला गावाने दिली. ही गोष्ट मी नेहमी आग्रहाने सांगतो, कारण पुढे त्याच्या कवितेत गाव, शेजार आणि भाषा या तीन गोष्टी कधीच एकमेकींपासून सुट्या होत नाहीत. त्या वर्षीच्या जनगणनेत वेल्समधले सुमारे ४३ टक्के लोक वेल्श बोलत होते. २०२१ मध्ये हे प्रमाण १७.८ टक्के होते. वाल्डोचे सारे लेखन या उताराच्या काळात झाले, आणि आपण उतारावर उभे आहोत याची जाणीव त्याला होती.

मनाख्लोग-दी हे लहान शेतकऱ्यांचे गाव होते. जमीन ओली आणि कसदार नसलेली, हवा वाऱ्या-धुक्याची, मेंढ्या, थोडे ओट, थोडे गवत. गवत कापून वाळवण्याचे आणि ओट काढण्याचे काम एकट्या घराला उरकत नसे, म्हणून शेजारी पाळीपाळीने एकमेकांच्या शेतावर जात; आपल्याकडे ज्याला सावड किंवा इर्जिक म्हणतात तेच हे. याच गावाला आणखी एक वारसा होता. १३ मे १८३९ रोजी जवळच्या एवेलवेन येथील टोलनाका शेतकऱ्यांनी फोडला आणि त्यातून ‘रिबेका’ या नावाने ओळखली जाणारी चळवळ सुरू झाली. तिचा पहिला पुढारी म्हणून ज्याचे नाव घेतले जाते तो थॉमस रीस मनाख्लोग-दीचाच, आणि त्याची कबरही तिथल्याच चॅपलच्या, म्हणजे प्रॉटेस्टंट प्रार्थनाघराच्या, आवारात आहे. अन्यायाची वसुली निमूटपणे देऊ नये ही शिकवण वाल्डोला तिथूनच मिळाली असे म्हणणे घाईचे होईल, कारण रिबेकाच्या माणसांनी कुऱ्हाडी चालवल्या आणि वाल्डोने कधी कोणावर हात उगारला नाही. तरीसुद्धा स्वतःच्या विवेकाला सरकारी हुकमापेक्षा वरचे स्थान देण्यात त्या गावाला काही विपरीत वाटत नव्हते, एवढे निश्चित म्हणता येते.

१९१५ साली त्याची बहीण मोर्विद लहान वयातच वारली. त्याच वर्षी कुटुंब जवळच्या लँडिसिल्यो येथे गेले. महायुद्ध चालू होते. वडील समाजवादी आणि युद्धविरोधी होते, आणि घरात या विषयावर उघड बोलणे होत असे. याच काळात, क्लंडरवेनजवळ जॉन बेनन या मित्राच्या शेतावर, लगतच्या दोन शेतांमधल्या वाटेवर उभे असताना, माणसे सर्वांत आधी एकमेकांची भावंडे आहेत ही गोष्ट आपल्याला अचानक आणि लख्ख जाणवली, असे त्याने पुढे चाळीस वर्षांनी लिहून ठेवले. ज्या कवितेला समीक्षक त्याची सर्वश्रेष्ठ कविता मानतात, त्या ‘दोन शेतांत’ या कवितेचे बीज हे आहे. तिच्याकडे येण्यापूर्वी कारागीर वाल्डोविषयी बोलणे आवश्यक आहे, कारण बाहेरच्या वाचकाला त्याची ओळख बहुधा संत म्हणून करून दिली जाते आणि त्याची कारागिरी झाकली जाते.

अॅबरिस्टविथच्या विद्यापीठातून १९२६ साली इंग्रजीची पदवी घेऊन तो परगण्यातल्या प्राथमिक शाळांत शिकवू लागला. या काळात त्याने विनोदी कविता पुष्कळ लिहिल्या, विडंबने केली, आणि १९३६ साली ई. लुइड विल्यम्स या कविमित्राबरोबर लहान मुलांसाठी एक पुस्तक काढले. त्याच वर्षी वेल्सचा राष्ट्रीय साहित्यमेळा, म्हणजे आयस्टेदवोद, पेम्ब्रोकशरमधल्या फिशगार्ड येथे भरला. या मेळ्यात ‘खुर्ची’चा मान ज्या स्पर्धेतून दिला जातो, तिच्यात कंगहानेद या छंदशास्त्रात बांधलेली दीर्घकविता लिहावी लागते. सेंट डेव्हिड्स या तीर्थाच्या गावावरची वाल्डोची कविता दुसरी आली.

कंगहानेद म्हणजे नेमके काय, हे न सांगता वेल्श कवितेविषयी काही सांगितल्यासारखे होत नाही. आपले अक्षरगणवृत्त लघुगुरूंचा क्रम मोजते. वेल्श कवी ओळीतल्या व्यंजनांचा क्रम मोजतो. त्याच्या एका प्रकारात ओळीचे दोन भाग पडतात आणि पहिल्या भागातली व्यंजने त्याच क्रमाने दुसऱ्या भागात यावी लागतात. स्वर मात्र बदलावे लागतात, आणि शेवटच्या आघातानंतरचे (उच्चारातल्या जोरानंतरचे) व्यंजन दोन्हीकडे निराळे असावे लागते. मराठीत नमुन्यापुरती ओळ करायची तर ‘मनी देव, मान दूर’ अशी करता येईल : म-न-द आणि पुन्हा म-न-द, शेवटी एकीकडे व आणि दुसरीकडे र. असे चार मुख्य प्रकार, त्यांचे पोटभेद आणि त्यांवर उभी राहिलेली चोवीस वृत्ते चौदाव्या-पंधराव्या शतकांपर्यंत निश्चित झाली आणि आजही चालू आहेत. शेतकरी, दुकानदार, धर्मोपदेशक, शाळामास्तर अशी माणसे संध्याकाळी एकत्र बसून या नियमांत ओळी जुळवतात. रेडिओवर कवींच्या संघांचे सामने होत आणि वाल्डोही त्यांत भाग घेत असे. चांगल्या कवीच्या हातात हा नियम विचार करण्याची एक पद्धत बनतो, कारण कान ज्या शब्दाची मागणी करतो तो शब्द मनाला न सुचलेल्या अर्थाकडे घेऊन जातो. वाल्डोने ‘बुरूज आणि खडक’ ही १९३८ ची कविता याच शिस्तीत लिहिली. रोच या गावी खडकावर एक नॉर्मन बुरूज उभा आहे. कवितेत बुरूज म्हणजे सत्ता आणि सक्ती, आणि खडक म्हणजे तो बुरूज ज्यांच्या पाठीवर उभा आहे ती सामान्य माणसे. ही कविता लांब आहे आणि काही ठिकाणी तिचा युक्तिवाद कवितेवर कुरघोडी करतो, असे माझे मत आहे. पण पुढच्या वीस वर्षांत वाल्डो काय करणार आहे, ते तिच्यात स्पष्ट दिसते.

दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा तो कास-माइल येथे शाळेत शिकवत होता. १९४१ साली त्याने लिंडा लुएलिनशी लग्न केले. १२ फेब्रुवारी १९४२ रोजी कार्मार्दन येथे, युद्धसेवा नाकारणाऱ्यांची चौकशी करणाऱ्या न्यायमंडळापुढे तो उभा राहिला. त्याने दिलेल्या निवेदनाचा आशय असा होता की, सर्व माणसे भाऊ आहेत आणि ज्या दैवी कल्पनाशक्तीने हे जग निर्माण केले तिच्यात प्रत्येकाचा नम्र वाटा आहे, म्हणून कोणत्याही माणसाला मारणे हा त्या कल्पनाशक्तीशी केलेला द्रोह आहे. कवीचे हे निवेदन मला असाधारण वाटते, कारण युद्धाला नकार देताना त्याने धर्माज्ञेचा किंवा राजकारणाचा आधार मुख्य मानला नाही. ज्या शक्तीमुळे आपण कविता करतो ती प्रत्येक माणसात आहे, या श्रद्धेचा आधार घेतला. मंडळाने त्याला विनाअट सूट दिली.

त्याआधी वर्षभर, फेब्रुवारी १९४१ मध्ये, जर्मन विमानांनी सलग तीन रात्री स्वान्सी शहर जाळले. ‘शांतिकर्ते’ ही कविता त्या आगीतून आली. बर्फावर गुलाबी झालेले आकाश दुरून दिसते आहे, शहर जळते आहे, आणि चालता चालता कवीला आपले आईवडील आठवतात, जे तेव्हा हयात नव्हते. ‘शांती करणारे ते धन्य, त्यांना देवाची मुले म्हणतील’ हे ख्रिस्ताचे वचन कवितेचे पालुपद आहे. मधल्या एका कडव्यात तो म्हणतो की, एक राष्ट्र चांगले आणि दुसरे वाईट हा भ्रम आहे, असे त्यांनी आम्हाला शिकवले. शहर कोणी जाळले ते ठाऊक असताना, त्याच वेळी, हे लिहिले गेले आहे हे लक्षात ठेवले पाहिजे. कविता ओरडत नाही, कोणाला माफ केल्याचा आवही आणत नाही. ती एवढेच विचारते की, माझ्या आईवडिलांनी मला जे दिले ते आजच्या रात्री खरे आहे की नाही. आज वेल्समधली गायकवृंद मंडळे ती गातात, आणि ज्यांना वाल्डोची दुसरी ओळ माहीत नाही त्यांनाही ती पाठ असते.

युद्धविरोधी भूमिकेमुळे नोकरीचे काय होणार या चिंतेत तो आणि लिंडा उत्तर वेल्समधल्या लीन द्वीपकल्पावर बोटुनोग येथे गेले. तिथे १ जून १९४३ रोजी लिंडा क्षयाने वारली. लग्नाला जेमतेम दोन वर्षे झाली होती. त्यानंतर वाल्डो इंग्लंडमध्ये गेला, आधी किंबोल्टन आणि मग विल्टशरमधल्या लायनम येथे शिकवू लागला, आणि काही वर्षे वेल्सबाहेर राहिला. त्याने पुन्हा लग्न केले नाही. लिंडावर त्याने फार लिहिलेही नाही. जे आहे ते थोडे आणि फार सुंदर आहे, आणि त्यात शोकापेक्षा कृतज्ञता अधिक आहे.

‘प्रेसेली’ ही कविता या परदेशवासात, १९४६ साली लिहिली गेली. ब्रिटिश युद्धखात्याने प्रेसेली डोंगराचा मोठा प्रदेश लष्करी सरावासाठी कायमचा ताब्यात घेण्याचे योजले होते. तिथले शेतकरी, शिक्षक आणि चॅपलचे धर्मोपदेशक विरोधात उभे राहिले, आणि दोनेक वर्षांत खात्याला माघार घ्यावी लागली. वाल्डो तेव्हा विल्टशरमध्ये होता; ज्या स्टोनहेंजचे निळसर दगड हजारो वर्षांपूर्वी याच प्रेसेलीतून नेले गेले, ते स्टोनहेंजही विल्टशरमध्येच आहे. कवितेची सुरुवात टेकड्यांच्या नावांनी होते : वोएल ड्रिगार्न, कार्न गव्र्वी, ताल मनिद. या टेकड्या म्हणजे माझ्या बालपणाची भिंत, आणि स्वतंत्रपणे मत बनवण्याच्या प्रत्येक प्रसंगी ती माझ्या पाठीशी आहे, असे तो म्हणतो. डोंगराचे वर्णन करणाऱ्या कविता जगात पुष्कळ आहेत. डोंगरामुळे माणसाला नाही म्हणण्याचे बळ येते, असे म्हणणारी मला दुसरी आठवत नाही.

त्यानंतर माणसे येतात. वारा, पाऊस, धुके आणि रानफुले यांच्या वंशाची ही माणसे मातीशी आणि आभाळाशी झुंजतात, जिंकतात, आणि वाकलेल्या पाठीवरून आपल्या मुलांच्या हाती सूर्य देतात. शेजाऱ्याच्या उतारावर चौघे जण ओट कापताहेत. चार पट्टे एकदम आडवे होतात, आणि पाठ सरळ करताना चौघांच्या तोंडून ढगांपर्यंत जाणारे एकच हसू फुटते. कवितेच्या मध्यभागी सावडीचे हे चित्र आहे, आणि वाल्डोचे सारे तत्त्वज्ञान त्याच्यात सामावले आहे. शेवटी तो आवाहन करतो की, श्वापदापासून ही भिंत राखू या आणि घाणीपासून हा झरा राखू या. ही ओळ वेल्समध्ये पुढे अनेक चळवळींनी आपली म्हणून घेतली आणि फलकांवर लिहिली. माझी विनंती अशी असते की, ती वाचताना चौघांचे हसू विसरू नये. त्या हसण्यावाचून ‘भिंत’ हा शब्द बाहेरच्यांना अडवणारी भिंत असा वाचला जाऊ शकतो, आणि वाल्डोला तो अर्थ मुळीच अभिप्रेत नव्हता.

१९५० च्या सुमारास तो वेल्सला परतला आणि विद्यापीठाच्या बहिःशाल वर्गांवर शिकवू लागला. कोरियात युद्ध पेटले होते आणि ब्रिटनमध्ये तरुणांवर सक्तीची लष्करी सेवा होती. आपण भरतो त्या करातून हे चालते, म्हणजे आपण त्यात सहभागी आहोत, या विचाराने तो अस्वस्थ झाला. पगारातून कर परस्पर कापला जातो म्हणून त्याने पगाराची नोकरी सोडली, आणि मग मागणी आली तेव्हा कर भरण्यास नकार दिला. अधिकाऱ्यांनी त्याच्या घरातले सामान जप्त करून नेले. सक्तीची सेवा संपेपर्यंत आपण भरणार नाही, ही त्याची भूमिका कायम राहिली. १९६० साली स्वान्सीच्या आणि १९६१ साली इंग्लंडमधल्या फोर्ड येथील तुरुंगात त्याला प्रत्येकी काही आठवडे काढावे लागले. १९५३ पासून तो क्वेकर या युद्धविरोधी ख्रिस्ती पंथात होता, आणि १९५९ च्या निवडणुकीत वेल्श राष्ट्रीय पक्षाचा, प्लाइड कम्रीचा, पेम्ब्रोकशरमधला उमेदवारही होता.

आता वर्ष पाहा. १९५६ च्या जूनमध्ये ‘दोन शेतांत’ ही कविता एका वेल्श साप्ताहिकात आली. त्याच महिन्यात, त्याच साप्ताहिकात, आपण आयकर का नाकारला हे सांगणारा त्याचा लेख आला. आणि त्याच वर्षी ‘दाइल प्रेन’ हा त्याचा संग्रह निघाला, ज्यात ती नवी कविता आहे. मित्र कितीतरी वर्षे त्याच्यामागे संग्रहासाठी लागले होते आणि तो टाळत होता. बंधुत्वाच्या कविता छापायच्या आणि माणसे जाळणाऱ्या शस्त्रांचे पैसेही भरायचे, ही विसंगती त्याला सोसवत नव्हती. नकाराची कृती पदरी पडल्यावरच आपल्या शब्दांना उभे राहण्याजोगी जमीन मिळाली, असे त्याला वाटले. म्हणून कर आणि कविता यांचा संबंध आहे का, या प्रश्नाला माझे उत्तर असे की, करनकारावाचून तो संग्रह कदाचित आपल्या हाती आलाच नसता. शीर्षकाचा अर्थ ‘झाडाची पाने’ असा आहे, आणि बायबलच्या शेवटच्या पुस्तकातल्या ज्या झाडाकडे तो बोट दाखवतो, त्याची पाने राष्ट्रांच्या आरोग्यासाठी आहेत. आपल्या कवितेचा लोकांना प्रत्यक्ष उपयोग व्हावा, ही इच्छा त्याने उघडपणे बोलून दाखवली होती.

मराठी वाचकाला इथे गांधीजी आठवतील, आणि ते योग्यच आहे. ‘दाइल प्रेन’मध्ये गांधीजींवर एक कविता आहे आणि तिच्या वेल्श शीर्षकाचा अर्थ ‘महात्मा’ असाच आहे. तथापि वाल्डोला गांधींचा वेल्श अनुयायी ठरवण्याची घाई करू नये. सत्याग्रह ही बहुतांशी सामूहिक कृती असते, तिला शिस्त, संघटना आणि वाटाघाट लागते. वाल्डो मात्र एकटा होता, त्याने कोणाला आपल्यामागे बोलावले नाही, आणि त्याच्या नकाराने सरकारचे फारसे काही अडले नाही. त्याला ते ठाऊक होते. आपल्या सहभागापुरते आपण उत्तरदायी आहोत, हाच त्याचा मुद्दा होता.

‘दोन शेतांत’ ही कविता मी पुष्कळदा वर्गात घेतली आहे आणि प्रत्येक वेळी तिच्यापुढे थोडा थबकतो. ती वेईन पार्क अ ब्लाउद आणि पार्क अ ब्लाउद या दोन खऱ्या शेतांच्या नावांनी सुरू होते : त्या शेतांवर तळ टेकून असलेला हा प्रकाशाचा समुद्र कुठून लोटत आला, असा पहिला प्रश्न आहे. त्या अफाट शांततेत एक मूक शिकारी माणसांभोवती जाळे टाकतो, आणि त्या जाळ्यात सापडणे म्हणजेच मुक्त होणे असते. मग शेतात लोक येतात, गवत गोळा करतात, एकमेकांना हाका मारतात, आणि ते एकमेकांच्या किती जवळ आले आहेत हे कवीला दिसते. हे कोण घडवते आहे? कविता त्याला अनेक नावांनी हाक मारते आणि एकही नाव पुरे मानत नाही. शेवटी जो येणार आहे तो निर्वासित राजा आहे, आणि त्याच्या येण्याने दलदलीतले लव्हाळे दुभंगून वाट देतात. इथे वाल्डोने कंगहानेदची काटेकोर शिस्त बाजूला ठेवली आहे, ओळी लांब आणि मोकळ्या आहेत. पण आयुष्यभर तिच्यात वावरलेल्या कानाला व्यंजनांचे प्रतिध्वनी सुटत नाहीत, त्यामुळे मोकळी ओळही बांधलेली वाटते. ही कविता दुर्बोध आहे अशी तक्रार होते आणि ती काही अंशी खरी आहे. माझा अनुभव असा की, प्रतिमांचा अर्थ लावण्याची धडपड सुरुवातीला करू नये. खालची जमीन ओली आहे, वर प्रकाश आहे, माणसे काम करताहेत, एवढे धरून चालावे; निर्वासित राजा कोण हा प्रश्न मग आपोआप योग्य वेळी पडतो.

याच्या अगदी उलट ‘माणूस म्हणजे काय?’ ही कविता आहे. लहान लहान प्रश्न आणि त्यांची तशीच लहान उत्तरे अशी तिची रचना आहे. जगणे म्हणजे अरुंद भिंतींमध्ये मोठे दालन सापडणे. दुसऱ्याला ओळखणे म्हणजे फांद्यांखाली एकच मूळ असल्याचे कळणे. प्रश्नोत्तरांची ही चाल वेल्श चॅपलांतल्या रविवारच्या शाळेतून आली आहे, आणि ज्याचे बालपण पाठांतरात गेले आहे अशा मराठी वाचकाला ती परकी वाटणार नाही. ‘आठवण’ ही १९३१ ची कविता याहून लोकप्रिय आहे. सूर्य मावळण्यापूर्वीच्या एका क्षणात मानवजातीच्या विसरलेल्या गोष्टी, हरवलेल्या भाषा आणि दैवते आठवून पाहण्याची ती कविता आहे. ती गोड आहे, पण तिचा सूर मला वाल्डोच्या मानाने सोपा वाटतो, आणि केवळ तिच्यावरून त्याची परीक्षा करणाऱ्याला त्याची खरी उंची कळणार नाही. भाषेवरच्या सुनीतांत मात्र तो फार वेगळा दिसतो : वेल्श भाषा तिथे धोक्याची लेक आहे, वारा तिच्या वाटेवर चाबूक ओढतो आहे, आणि तिच्याविषयी कोणी गळा काढलेला कवीला नको आहे.

त्याच्या उदारतेचे आणखी एक प्रमाण सांगितले पाहिजे. राजसत्तेने ठार मारलेल्या वेल्श कॅथलिक हुतात्म्यांवर या प्रॉटेस्टंट घरातल्या, क्वेकर कवीने ‘मूक शतकांनंतर’ ही कविता लिहिली, आणि वेल्श कवितेतल्या श्रेष्ठ स्तवनांत तिची गणना होते. ‘दाइल प्रेन’मध्ये विनोदी कविताही आहेत, युद्धकाळात सायकलवरून फिरताना आपल्याला शत्रूचा हेर समजण्यात आले, ती हकिकत त्यांतल्या एकीत आहे. निवडक अनुवादांत या कविता गाळल्या जातात आणि मग उरतो तो एक गंभीर, व्रतस्थ माणूस. ओळखीच्या लोकांच्या आठवणींतला वाल्डो सायकलवर हिंडणारा, कोट्या करणारा, मुलांत रमणारा आहे.

शेवटच्या वर्षांत तो परगण्यातल्या प्राथमिक शाळांत दुसरी भाषा म्हणून वेल्श शिकवत होता. अंगणातल्या मुलांकडून शिकलेली भाषा तो वेल्श न येणाऱ्या मुलांना देत होता, आणि या कामाला तो कवितेहून कमी मानत नसे. २० मे १९७१ रोजी हॅवरफर्डवेस्ट येथे त्याचे निधन झाले. लँडिसिल्योच्या ब्लाइनकोनिन चॅपलच्या आवारात त्याला पुरले आहे. १९७८ साली मनाख्लोग-दीजवळच्या माळावर, प्रेसेलीकडे तोंड करून, एक उंच दगड उभारला गेला आणि त्यावर ‘प्रेसेली’च्या आरंभीच्या ओळी बसवल्या गेल्या.

तिसऱ्या प्रश्नाकडे येतो. इंग्रजीतून वाचायचे असेल तर टोनी कॉनरनचे १९९७ चे ‘द पीसमेकर्स’ हे अनुवादाचे पुस्तक घ्यावे. कॉनरन स्वतः कवी होता आणि वेल्श छंदांचा त्याला बारीक अभ्यास होता. ज्यांना थोडीफार वेल्श येते त्यांच्यासाठी अॅलन लुइड आणि रॉबर्ट रीस यांनी संपादित केलेली, २०१४ साली निघालेली समग्र आवृत्ती आहे. तिच्यात संग्रहाबाहेरच्या कविता आल्यामुळे ‘एकच पुस्तक लिहिणारा कवी’ ही समजूतही बरीच सैल होते. वाचनाचा क्रम मी असा सुचवीन : आधी ‘शांतिकर्ते’, मग ‘प्रेसेली’, त्यानंतर ‘माणूस म्हणजे काय?’, मग दोन-तीन विनोदी कविता, आणि ‘दोन शेतांत’ सर्वांत शेवटी. अनुवाद वाचण्यापूर्वी मूळ वेल्श कविता एकदा तरी ऐकावी. वेल्श शब्दावर आघात बहुधा शेवटून दुसऱ्या अक्षरावर पडतो, एवढे माहीत असले तरी ओळीचा तोल कानाला कळू लागतो आणि व्यंजने कुठे परत येतात ते ओळखता येते.

मराठीत अनुवाद करू पाहणाऱ्यांसाठी एक सूचना. कंगहानेदची नक्कल करू नये. मराठीत ती दोन ओळींनंतर कोडे सोडवल्यासारखी वाटू लागते. त्याऐवजी वाल्डोच्या कष्टाच्या शब्दांसाठी शेतकऱ्यांच्या तोंडचे मराठी शब्द शोधावेत. पेंढी, आळाशी, बांध, पाणथळ, सावड, वाफसा अशा शब्दांच्या आधाराने ‘प्रेसेली’ मराठीत उभी राहू शकते. संस्कृतप्रचुर शब्द आले की ती कविता ताबडतोब व्यासपीठावर चढते. टेकड्यांची आणि शेतांची नावे मात्र जशीच्या तशी ठेवावीत आणि त्यांचे उच्चार आधी एखाद्या वेल्श माणसाकडून नीट ऐकून घ्यावेत.